घर भरलेलं होतं, तरी मी एकटीच होते (बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आणि घरच्यांचा आधार)

सुरंगी (डिचोली)

नमस्कार. हा धागा कधीपासून काढायचा म्हणतेय पण दरवेळी अर्धा टाईप करून पुसून टाकते. आज पूर्ण करतेच. माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे, येत्या रविवारी तिला फुलं माळायची आहेत, आईने अळीव आणून ठेवलेत, डिंक आलाय, शेक द्यायला आणि बाळाला न्हाऊ घालायला कोण बाई येणार तेही ठरलंय. बाळंतपण माहेरीच. सगळे खूश. आणि माझ्या पोटात गोळा येतो, कारण माझ्या वेळीही सगळं असंच ठरलेलं होतं.

माझी मुलगी आता चार वर्षांची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून माझं बाळंतपण सासरी झालं. सासरी दहा-अकरा माणसं, आणि कोणी वाईट नाही हे आधीच सांगते. सासूबाई पहाटे पाचला उठून माझं पाणी तापवायच्या, ते पण चुलीवर. जाऊबाई पेज आणून द्यायच्या. नवरा जहाजावर, मुलगी झाली तेव्हा कुठेतरी भूमध्य समुद्रात, त्याने तिचा पहिला फोटो व्हॉट्सॅपवर बघितला. मला सिझेरियनचे टाके, बाहेर जुलैचा पाऊस, खोलीत धुरी, आणि वारा लागेल म्हणून खिडकी बंद.

पहिले आठ-दहा दिवस रडू यायचं, ते सगळ्यांना येतं म्हणाले. मग रडूही यायचं बंद झालं आणि ते जास्त वाईट होतं. बाळ झोपलं तरी मला झोप नाही, छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं, बाळाकडे बघायचे आणि आत काहीच हलायचं नाही, मग वाटायचं मी आईच नाही, मी कोणीतरी दुसरीच बाई आहे जी हिला फक्त पाजते.

मग चवथ आली. घरात तीसेक माणसं. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, बाहेर घुमट वाजतंय, आरत्या, फुगड्या, आणि मी आतल्या खोलीत, कारण चाळीस दिवस भरायला चार दिवस बाकी होते. एकेक बाई आत येऊन बाळाला बघून गेली. कोणाला नाक बापाचं वाटलं, कोणाला रंग आईचा. दूध पुरतंय मगे, हे तर सगळ्यांनी विचारलं. तू झोपतेस काय, हे एकीनेही विचारलं नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी नसले तर ह्या घरात कोणाला कळणारही नाही, बाळाला बघायला एवढी माणसं आहेत.

माझं नशीब म्हणजे दुसऱ्या दिवशी नवऱ्याची आत्या आली, वय सत्तरच्या पुढे. ती आत आली, बाळाकडे बघितलं नाही, आधी माझ्या जवळ बसली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, तुज्या दोळ्यांक न्हीद ना गो बाय. तुझ्या डोळ्यांना झोप नाही. बस एवढंच. मी अर्धा तास रडले. तिने बाळ उचललं, दार लावून घेतलं आणि मला तीन तास कोणालाही आत येऊ दिलं नाही. संध्याकाळी सासूबाईंना काय सांगितलं माहीत नाही, पण तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडे होते. औषध आणि काउन्सिलिंग मिळून आठेक महिने लागले बरं व्हायला.

माझं म्हणणं एवढंच की घरात माणसं असणं आणि आधार असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला नेमका कशाचा आधार वाटला ते सांगा. मोठंमोठं नको, अगदी बारीक गोष्टी. बहिणीसाठी मला ते हवंय.

---

मोगरा (फोंडा)

सुरंगी, वाचून काटा आला. माझ्या वेळी मी धीर करून आईला म्हटलं की मला बरं वाटत नाही मनातून, तर तिने पहिला शब्द काढला, तुका कितें उणें? नवरा चांगला, घर चांगलं, मुलगा झालाय. तिला मला समजवायचं होतं, पण मला असं वाटलं की मी उपकार विसरलेली आहे. त्यानंतर वर्षभर मी कोणाला काही बोलले नाही.

---

कुळागर (सावईवेरें)

माझं वय ६८. सुरंगी, तुझं दुःख खरं आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण मला एक सांगायचंय, हल्ली सगळ्या जुन्या गोष्टींना नावं ठेवायची पद्धत झालीय. चाळीस दिवस बाईला चूल नाही, विहिरीचं पाणी ओढणं नाही, शेतात जाणं नाही, ही सोय होती बायकांनी बायकांसाठी केलेली. नाहीतर सासरी कोण तिला बसू देणार होतं? माझ्या सासूने मला आठव्या दिवशी भात कांडायला लावला असता सोयर नसतं तर. आमच्या काळी हे डिप्रेशन वगैरे नव्हतं, पाच-पाच मुलं झाली. तेव्हा शेक, धुरी, लाडू ह्यांना दोष देऊ नये असं मला वाटतं.

---

सुरंगी (डिचोली)

काकू, शेकाला दोष नाही हो. ते गरम पाणी अंगावर पडायचं तेवढी दहा मिनिटंच मला बरं वाटायचं दिवसभरात, खरं सांगते. खोलीचं दार बाहेरून बंद असल्यासारखं वाटायचं त्याबद्दल बोलतेय मी.

---

आडवाट (पर्वरी)

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलंय आणि ह्या विषयात थोडं काम केलंय म्हणून लिहिते. ह्या विषयावरचा आपल्या देशातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या गोव्यातच झालाय हे बऱ्याच गोवेकरांना माहीत नाही. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या एका जिल्हा इस्पितळात शेवटच्या तिमाहीतल्या २७० गरोदर बायकांना अभ्यासात घेतलं, मग बाळ सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर आणि परत सहा महिन्यांनी भेटले. २००२ साली तो छापून आला. सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना डिप्रेशन होतं, म्हणजे जवळजवळ चारातली एक. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. पुढे २०१७ साली देशभरातले ३८ अभ्यास एकत्र करून बघितले त्यातही आकडा २२ टक्के आला, तेव्हा हे फक्त गोव्यापुरतं नाही.

कशाने धोका वाढतो? पैशाची ओढाताण, आणि नवऱ्याशी संबंध कसे आहेत ते. मुलगी झाली तर ह्या बाकीच्या गोष्टींचा भार आणखी वाढतो, मुलगा झाला तर तोच भार थोडा हलका होतो. हे लिहिताना मला लाज वाटते पण गोव्यात आपण स्वतःला किती पुढारलेले म्हणवतो आणि हे इथलंच चित्र आहे.

पण सुरंगी, तुझ्यासाठी त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ज्या आयांना नंतर डिप्रेशन निघालं त्यातल्या ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच नीट नव्हतं. बाळ झाल्यावर अचानक आभाळातून पडत नाही हे, बऱ्याच जणींच्या बाबतीत पोटात असतानाच सुरू झालेलं असतं आणि आपण त्याला डोहाळे म्हणतो, नाजूकपणा म्हणतो. तेव्हा बहिणीला आत्ताच विचार. बाळंतपणाची वाट बघू नको.

---

सुरंगी (डिचोली)

७८ टक्के वाचून मी फोन खाली ठेवून थोडा वेळ बाहेर जाऊन बसले. माझंही सहाव्या महिन्यापासून सुरू झालेलं, आता आठवतंय. सगळे म्हणायचे नवरा लांब आहे म्हणून होतं.

---

दर्यावर्दी (काणकोण)

मी सुरंगीताईंच्या नवऱ्याच्या बाजूचा माणूस, म्हणजे जहाजावर असतो, क्रूझवर गॅलीमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात. लिहू की नको असं चाललेलं पण लिहितोच.

आमचं पहिलं बाळ झालं तेव्हा माझा कॉन्ट्रॅक्ट चालू होता, अजून पाच महिने बाकी. बोटीवर वायफाय विकत घ्यावं लागायचं, मिनिटं मोजून बोलायचो, ड्युटी संपली की इकडे रात्रीचे बारा आणि तिकडे पहाट. फोन लावला की मी पहिलं विचारायचो बाळ कसं आहे, दाखव, झोपलंय काय, दूध प्यालं काय. ती कॅमेरा बाळाकडे वळवायची. पाच महिने मी माझ्या बायकोचा चेहरा नीट बघितला नाही हे मला घरी आल्यावर समजलं. विमानतळावर ती न्यायला आली आणि मी तिला पटकन ओळखलंच नाही एवढी उतरलेली. मी पैसे वेळेवर पाठवत होतो आणि मला वाटत होतं की मी माझं काम चोख करतोय.

ती मला म्हणाली, तुम्हाला सांगून काय करणार होते, तुम्ही समुद्रात. ते वाक्य मला अजून टोचतं. कारण खरं तर मी काही करू शकलो असतो. मी माझ्या बहिणीला फोन करून सांगू शकलो असतो की जा आणि दोन रात्री तिच्याजवळ झोप. माझ्या आईला मी म्हणू शकलो असतो की दुधावरून तिला बोलू नको. हे बाहेरून फोनवर सुद्धा होतं, पण ते मला सुचलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही आधीच ठरवलं. मी घरी असतानाच बाळंतपण येईल असा कॉन्ट्रॅक्ट उशिरा घेतला, पगार बुडाला, चालतं. रात्री दोनचं पाजून झालं की बाळ माझ्याकडे, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत झोपवणं हे माझं. तिला सलग चार-पाच तास झोप मिळायची. आणि बोटीवर परत गेल्यावर एक नियम पाळला, फोनवर पहिली पाच मिनिटं तिच्याबद्दल, कॅमेरा तिच्यावर, बाळ नंतर.

---

मोगरा (फोंडा)

दादा, हे माझ्या नवऱ्याला वाचायला दिलं. तो काही बोलला नाही पण दोनदा वाचलं.

---

घाटावरची (वास्को)

मी मूळ खानापूरची. आमच्याकडे उलटं होतं, घर भरलेलं वगैरे काही नाही, एक खोली भाड्याची, नवरा शिफ्टला, आई येऊ शकली नाही कारण बाबा आजारी. इस्पितळातून तिसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा खोलीला कुलूप होतं आणि मीच ते उघडलं. मला वाटलेलं की मी नक्की वेडी होणार.

झाली नाही, त्याचं कारण शेजारची आंटी. तिला मराठी येत नाही, मला तेव्हा कोंकणी धड येत नव्हती. ती रोज चार वाजता यायची, बाळ घ्यायची, बाहेर पायरीवर बसायची आणि मला हाताने खूण करायची, झोप. पाच वाजता परत आणून द्यायची. एक तास. कधी येताना पेज आणि खाऱ्या माशाचा तुकडा, कधी चिकनचं पाणी. बाळ काळं की गोरं, दूध पुरतं की नाही, एक शब्द कधी काढला नाही तिने. अडीच महिने एक दिवस चुकवला नाही, रविवारी मिस्साक, म्हणजे चर्चमध्ये प्रार्थनेला, जाऊन आल्यावर यायची.

म्हणून मला सुरंगीताईंचं पटलं. अकरा माणसं असून नसतात आणि एक बाई दिवसाला एक तास आली तरी पुरते. पुरते म्हणजे, मला पुरली. सगळ्यांना पुरेल असं नाही म्हणत.

---

आडवाट (पर्वरी)

घाटावरची, तुमच्या आंटीने जे केलं त्याच्या जवळपास जाणारं काम इथे अभ्यास म्हणूनही झालंय. आधी पाकिस्तानात रावळपिंडीजवळ गावातल्या आरोग्यसेविकांना शिकवून त्यांच्याकडून आयांना घरी जाऊन आधार देण्याची पद्धत तयार झाली, २००८ साली तिचे निष्कर्ष आले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्याची पुस्तिकाच काढली. मग गोव्यात त्याच पद्धतीत आरोग्यसेविकांऐवजी साध्या बायका घेतल्या, ज्या स्वतः आया आहेत, त्याच भागात राहतात. त्यांना सखी म्हणायचे. डिप्रेशन असलेल्या २८० गरोदर बायका ह्या अभ्यासात होत्या, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. फरक जादू झाल्यासारखा मोठा नव्हता पण सखी ज्यांच्याकडे जात होती त्यांच्यात बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. त्या सख्या डॉक्टर नव्हत्या, घरी जायच्या, ऐकून घ्यायच्या आणि घरातल्या माणसांनाही बोलण्यात ओढायच्या. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकट्या बाईला शहाणं करून काय उपयोग, ती परत त्याच खोलीत जाते.

---

नर्सबाय (सत्तरी)

मी सरकारी आरोग्य केंद्रात आहे, नाव गाव विचारू नका. दीड महिन्याची लस असते ना, सहा आठवड्यांची, मग दहा आणि चौदा आठवड्यांची, तेव्हा प्रत्येक आई बाळाला घेऊन आमच्याकडे येतेच येते. आणि नेमका तोच वेळ असतो जेव्हा हे डिप्रेशन बाहेर दिसायला लागतं. पण आम्ही काय करतो, बाळाचं वजन करतो, सुई देतो, ताप आला तर हे औषध द्या सांगतो, पुढची तारीख लिहितो आणि पुढचा नंबर. आई तिथेच उभी असते बाळ धरून, तिला कोणी बघत नाही. मीसुद्धा कित्येक वर्षं बघत नव्हते.

आता मी एकच प्रश्न विचारते: बाळ झोपल्यावर तुला झोप लागते काय? बाळ उठवतं म्हणून झोप नाही हे सगळ्यांचंच. पण बाळ झोपलेलं, घर शांत, तरी ही डोळे उघडे ठेवून पडलेली, तर मी तिला बाजूला बसवते आणि सासू सोबत असेल तर सासूला बाळ देऊन बाहेर पाठवते. मग बोलतात. सगळ्याच नाही बोलत.

इथे लोक वाचतायत म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास रडू येणं, चिडचिड, मन हळवं होणं हे बहुतेक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप जातं, त्याला आराम आणि मायेचे दोन शब्द पुरतात. दोन आठवडे उलटून गेले तरी मन उदास आहे, कशात रस नाही, भूक नाही, बाळाबद्दल काही वाटत नाही किंवा उलट सतत धास्ती, मी वाईट आई आहे असं डोक्यात फिरतंय, तर डॉक्टरकडे न्या. जगभरात वापरतात ती दहा प्रश्नांची यादी आहे, एडिंबराची, १९८७ सालची, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात. त्याने रोग ठरत नाही, पण पुढे पाठवायचं की नाही ते कळतं. आणि रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड, कारण बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडू शकतो आणि त्यात पण असंच गळून गेल्यासारखं वाटतं.

तिसरा प्रकार कमी असतो, हजारात एक-दोन, पण तो आला तर एक दिवस सुद्धा थांबायचं नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत बाई अचानक झोपेनाशी होते, असंबद्ध बोलते, कोणीतरी बाळाला न्यायला आलंय म्हणते, नसलेले आवाज ऐकू येतात. तिला एकटी सोडू नका, बाळही तिच्या एकटीकडे देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ बांबोळीला न्या. तिथेच मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे.

---

कुळागर (सावईवेरें)

नर्सबाय, तुमचं शेवटचं वाचलं आणि मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. परवा मी लिहिलं की आमच्या काळी हे नव्हतं. ते खोटं आहे. मी खोटं बोलले असं नाही, मला ते आठवायचंच नव्हतं.

माझी धाकटी जाऊ. १९७८ ची गोष्ट. तिला मुलगा झाला आणि नवव्या-दहाव्या दिवसापासून ती तुम्ही म्हणता तसंच करायला लागली. रात्रभर उठून बसायची, म्हणायची माडावरून कोणीतरी बघतंय, मुलाला लपवा. आमच्याकडे कोणी म्हणालं बाळंतवात, कोणी म्हणालं बाहेरचं लागलंय, सोयरात ती परसात गेली होती म्हणून. घाडीला, म्हणजे देवऋषाला, बोलावलं. कोंबा दिला, नारळ दिला, भस्म लावलं. ती ओरडायची तेव्हा आम्ही तिला खोलीत कोंडून ठेवलं, मुलाला मी सांभाळलं, माझ्या स्वतःच्या मुलाबरोबर त्यालाही मीच पाजलं. महिन्याने तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला आणि ती परत कधी आली नाही. मुलगा आमच्याकडेच वाढला. तो आता मोठा माणूस आहे, चांगला आहे, त्याला एवढंच माहीत आहे की आई आजारी होती.

मला कळत नव्हतं. आमच्यात कोणालाच कळत नव्हतं. पण तिने एकदा माझा पदर धरला होता आणि म्हणाली होती वयनी मला हांगाच्यान व्हर. इथून ने मला. मी पदर सोडवून घेतला. सोयराच्या अंगाचा विटाळ होईल म्हणून.

सुरंगी, त्या दिवशी मी तुला उलट बोलले त्याबद्दल माफ कर.

---

सुरंगी (डिचोली)

काकू, माफी कसली. मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या पदराने डोळे पुसत होत्या. तुम्ही त्या बाळाला पाजलंत हे पण त्यांनी दोनदा परत वाचायला सांगितलं.

---

आडवाट (पर्वरी)

काकू, तुम्ही लिहिलंत ते फार मोठं आहे. आत्ता काय वेगळं आहे ते सांगते. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा आहे, त्यात लिहिलंय की आईला उपचारासाठी इस्पितळात ठेवलं आणि मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर साधारणपणे दोघांना वेगळं करायचं नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी इस्पितळात, तर आई आणि बाळ एकत्र राहतील असा वेगळा विभागच आहे. हा आजार वेळेवर उपचार मिळाले तर बरा होतो, आणि ती आई परत आपल्या बाळाकडे येते.

---

पावसाळी (म्हापसा)

मी सध्या ह्यातून जातेय. बाळ तीन महिन्यांचं. दुसरी मुलगी. बारशाला आलेल्या एका काकीने मांडीवर घेऊन म्हटलं, परत चलीच, मुलगीच? बरं, पुढच्या वेळी. मी हसले पण. डॉक्टरने औषध दिलंय पण मी घेतलं नाही कारण सगळे म्हणतात दुधातून बाळाला जाईल. नवरा म्हणतो तू ठरव. मला काही ठरवता येत नाही, आज भाजी कुठली करायची ते पण नाही.

---

नर्सबाय (सत्तरी)

पावसाळी, बाय, आधी हे वाच. दूध पाजत असताना देता येतात अशी औषधं आहेत, सर्ट्रालिन हे त्यातलं एक नेहमी वापरलं जाणारं, दुधात फार थोडं उतरतं. तुला कुठलं दिलंय ते मला विचारू नको, उद्या ज्या डॉक्टरने दिलंय त्यालाच सरळ विचार की मी पाजतेय, हे चालेल काय. सुरू केलं की मनाने मध्येच बंद करायचं नाही, आणि दोन-तीन आठवडे फरक जाणवत नाही, तेवढा धीर लागतो. उपचार न घेण्याचाही बाळावर परिणाम होतो. आडवाटने सांगितलेल्या अभ्यासातल्या बाळांना सहा महिन्यांनी बघितलं तेव्हा आजारी आयांची बाळं वजनाला आणि उंचीला मागे होती. हे तुला घाबरवायला नाही सांगत, औषध घेणं म्हणजे स्वार्थ नाही हे तुला कळावं म्हणून सांगते.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. मनात स्वतःला काही करावं असा विचार आला तर रात्रीचे तीन वाजलेले असू देत, फोन लाव, आणि घरात कोणाला तरी उठव.

---

दर्यावर्दी (काणकोण)

पावसाळीताई, तू ठरव असं म्हणणारा मी पण होतो. मला वाटायचं मी तिला मोकळीक देतोय. तिने नंतर सांगितलं की तो सगळ्यात जड शब्द होता. तुमच्या मिस्टरांना सांगा की उद्या रजा टाका, गाडी काढा आणि डॉक्टरपुढे तुमच्या बाजूला बसा, प्रश्न पण त्यांनीच विचारायचे. ह्याला पैसे लागत नाहीत. माझं हे वाक्य त्यांना दाखवा हवं तर.

---

मोगरा (फोंडा)

मला आधार वाटलेल्या बारीक गोष्टी, सुरंगीने मागितलेल्या. वहिनी आली की भांडी घासून जायची, बाळाला हात पण लावायची नाही आधी. एका मैत्रिणीने मेसेज केला की उत्तर देऊ नको, फक्त वाच, आणि दर दोन दिवसांनी करत राहिली. वडील संध्याकाळी म्हणायचे चल देवळापर्यंत जाऊन येऊया, बाळ आजीकडे, दहा मिनिटांचा रस्ता, ते काही बोलायचे नाहीत. आणि एकदा मी म्हटलं की मला सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, कढी खायची आहे तर आईने सगळे नियम बाजूला ठेवून केली.

---

पावसाळी (म्हापसा)

नवऱ्याने वाचलं. आज डॉक्टरकडे जाऊन आलो, त्याने विचारलं, हेच औषध चालेल म्हणाले. रात्री पहिली गोळी घेतली. दहा ते तीन बाळ त्याच्याकडे असं ठरलंय, बघू. नर्सबाय, देव बरें करूं.

---

सुरंगी (डिचोली)

रविवार झाला. फुलं माळली, बायका आल्या, ओवाळलं, बहीण जरीच्या साडीत इतकी सुंदर दिसत होती, सगळ्या फोटोंत हसतेय. सगळे गेल्यावर मी तिला मागच्या सोप्यावर घेऊन बसले आणि नर्सबायने सांगितलेलाच प्रश्न जरा बदलून विचारला, रात्री झोप लागते काय तुला. ती म्हणाली हो गे, मस्त. मग मीच माझं सगळं सांगितलं, चवथीचं, ते मी नसले तर वगैरे, जे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली आणि आत गेली. मला वाटलं संपलं, उगीच घाबरवलं तिला.

रात्री साडेअकराला मेसेज आला. ताई, दीड महिना झाला, तीन वाजता जाग येते ती येतेच, आणि मला बाळ नकोसं वाटतं, हे कोणाला सांगू नको.

मी तेव्हाच स्कूटर काढून गेले. आई दार उघडायला आली, तिला मी बहिणीला विचारून थोडंच सांगितलं. आईने आधी म्हटलं दृष्ट लागली असेल आजच्या गर्दीत, मग माझ्याकडे बघून गप्प झाली. मग आत जाऊन बहिणीच्या शेजारी आडवी झाली, लहानपणी झोपायची तशी, आणि मी खाली चटई घातली.

गुरुवारची ओपीडी आहे. भावोजींनी रजा टाकलीय. आई म्हणते मीही येते, मला डॉक्टरला विचारायचंय की घरी आम्ही काय करायचं.

---

कुळागर (सावईवेरें)

गुरुवारी काय झालं ते लिही. मी वाट बघते.